नवरा-बायकोचा ताळेबंद: होडी दोघांची, कर्जही दोघांचं



१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी. ६१ दिवस ट्रॉलर जेटीला बांधलेले, होड्या शाकारलेल्या. या दिवसांत जाळी शिवायची, इंजिन खोलायचं, फायबरची डागडुजी करायची, ही कामं आपण सगळेच करतो. यंदा त्यात एक काम जास्त धरा. खर्च एका वहीचा आणि तीन संध्याकाळींचा. नवरा-बायकोने एकत्र बसून घराचा ताळेबंद मांडायचा.

ताळेबंद म्हटलं की वाटतं, ते सीएचं काम, कंपन्यांचं काम. तसं काही नाही. एका ठरवलेल्या दिवशी आपल्याकडे काय काय आहे आणि आपण कोणाचं किती देणं लागतो, हे एका कागदावर समोरासमोर लिहायचं. डावीकडे मालमत्ता, उजवीकडे देणी. वजाबाकी करून जे उरतं ते आपलं. जमाखर्च सांगतो की सीझनभर किती आलं आणि किती गेलं. ताळेबंद सांगतो की एवढं सगळं करून आज आपण उभे कुठे आहोत. आपल्यात जमाखर्च बरेच जण ठेवतात, निदान डिझेल-बर्फाच्या चिठ्ठ्या तरी जपतात. ताळेबंद मात्र बँकेने फॉर्म पुढे केल्यावर काउंटरवर उभ्याउभ्या भरला जातो, आणि तोही अंदाजाने.

गोव्यात हा हिशेब दोघांचाच का

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला लग्न आणि मालमत्तेचा कायदा मुक्तीनंतरही चालू राहिला. त्यानुसार, लग्नाआधी नोंदणी करून वेगळा करार केलेला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता एकत्र धरली जाते. लग्नाआधीची, लग्नानंतर कमावलेली, वारशाने आलेली, सगळी. कायद्यात काही अपवाद आहेत, पण सर्वसाधारण नियम हा. त्या एकत्र मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा. होडीच्या रजिस्ट्रेशनवर नाव एकाचं असलं तरी ती दोघांची धरतात. घर किंवा जमीन विकायची, गहाण ठेवायची तर दोघांची संमती लागते ती यामुळेच. आणि मालमत्ता जशी एकत्र, तसंच घरासाठी आणि धंद्यासाठी काढलेलं कर्जही त्याच एकत्र मालमत्तेवर येतं.

आयकरातही हेच आहे. आयकर कायद्यात खास या पद्धतीसाठी कलम घातलेलं आहे. पगार सोडून बाकीचं उत्पन्न, म्हणजे मासळीचा धंदा, घरभाडं, ठेवीचं व्याज, हे नवरा-बायकोत निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं. पगार मात्र कराच्या हिशेबात ज्याचा त्यालाच लागतो. म्हणून पॅन कार्ड दोघांचंही हवं.

थोडक्यात, सरकार आणि कायदा तुम्हाला एकच हिशेब मानतात. घरात मात्र दोन वह्या असतात, आणि कित्येक घरांत दुसरी वही पहिलीला कधी दिसतच नाही.

ज्यांचं लग्न सिंधुदुर्गात किंवा कारवारकडे झालं आहे, ज्यांचं मूळ गोव्याबाहेरचं आहे, त्यांना हा कायदा लागू होतोच असं नाही. त्यांनी एकदा वकिलाला विचारून घ्यावं. पण पुढे सांगितलेली मांडणी त्यांनाही चालेल. फक्त प्रत्येक वस्तूपुढे ती कोणाच्या नावावर आहे ते लिहावं.

तारीख कोणती धरायची

बँक आणि आयकर ३१ मार्च धरतात. ते कागद त्यांच्यासाठी करावेच लागतात. पण ३१ मार्चला आपला सीझन ऐन चालू असतो. जाळं पाण्यात, खलाशांचा वाटा अर्धा दिलेला अर्धा राहिलेला, बाजारात उधारी पसरलेली. त्या दिवशीचं चित्र धड कळत नाही. घरच्यासाठी जूनमधली एक तारीख धरा. सीझनचा हिशेब मिटलेला असतो, खलाशी गावी गेलेले असतात, होडी डोळ्यांसमोर असते. दरवर्षी तीच तारीख ठेवा, म्हणजे गेल्या वर्षीशी ताडून बघता येतं.

पहिली संध्याकाळ: देणी

सुरुवात देण्यांपासून करायची. मालमत्तेपासून केली की मन खूश होतं आणि देण्यांच्या वेळी हात आखडतो.

दोघांनी वेगवेगळे कागद घ्या. एकमेकांना न विचारता, आपल्याला माहीत आहेत ती सगळी देणी लिहा. मग कागद जुळवा. आमच्या कार्यालयात कर्जाचे फॉर्म भरायला जोडपी येतात तेव्हा आम्ही हेच करायला सांगतो, आणि दोन कागद सहसा जुळत नाहीत. त्याच्या कागदावर मासळीच्या एजंटाकडून घेतलेली उचल असते, ती तिला ठाऊक नसते. तिच्या कागदावर मुलीच्या फीसाठी तारण ठेवलेल्या बांगड्या असतात, त्या त्याला ठाऊक नसतात. दोघांनीही ते घरासाठीच केलेलं असतं. समोरच्याला ताप नको म्हणून सांगितलेलं नसतं, एवढंच.

तिथे भांडू नका. जे कागदावर आलं ते फेडता येतं. जे लपून राहिलं त्याचं व्याज वाढत राहतं.

आपल्याकडे नेहमी विसरली जाणारी देणी अशी:

एक, एजंटाची उचल. सीझनच्या सुरुवातीला एजंट पैसे देतो, बदल्यात मासळी त्यालाच घालायची. व्याज नाही म्हणून ते कर्ज वाटत नाही. पण ते कर्जच आहे, आणि त्याचं व्याज दरात कापलं जातं. बाजारात बांगड्याला जो दर असेल तो आणि तुम्हाला मिळणारा, यातला फरक महिनाभर लिहून ठेवा. मग ही उचल महाग की बँक महाग ते कळेल.

दोन, भिशी. भिशी उचलून झाली असेल तर राहिलेले हप्ते हे देणं. भरत आलात पण अजून उचलली नसेल तर भरलेली रक्कम ही मालमत्ता. भिशी एकच, पण आधी उचलली की एका बाजूला, मागाहून उचलायची असेल तर दुसऱ्या बाजूला.

तीन, हातउसने. मेव्हण्याकडून, भावाकडून घेतलेले. "तो कुठे मागतोय" म्हणून सोडू नका. त्याच्या वहीत तुमचं नाव आहे.

चार, दुकानाची बाकी. जाळ्याचं दुकान, बर्फाचा कारखाना, इंजिनचा मेकॅनिक.

पाच, जामीन. दुसऱ्याच्या कर्जाला सही केली असेल तर ती रक्कम देण्यांच्या बेरजेत धरायची नाही, पण कागदाच्या तळाशी वेगळी लिहायचीच. करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते. त्याचे हप्ते थकले की नोटीस तुमच्या दारात येते. बायकोला या सहीची माहिती नसणं हे फार वाईट.

दुसरी संध्याकाळ: मालमत्ता

इथे एकच नियम. आज विकायला काढलं तर खरोखर किती येतील, तोच आकडा लिहायचा.

होडीच्या तीन किमती असतात. घेतली तेव्हाची, आयकराच्या वहीतली, आणि आज जेटीवर गिऱ्हाईक देईल ती. आयकरात मासेमारीच्या लाकडी बोटीवर वर्षाला २० टक्के घसारा धरतात. म्हणजे ५,००,००० ची बोट वर्षाने वहीत ४,००,०००, दोन वर्षांनी ३,२०,०००, तीन वर्षांनी २,५६,०००. प्रत्यक्षात नीट राखलेली बोट त्याहून जास्तीला जाऊ शकते, न राखलेली त्याहून कमीलाही जाते. घरच्या ताळेबंदात तिसरी किंमत लिहा, आणि होडी, इंजिन, जाळी वेगवेगळी लिहा. जाळ्याचं आयुष्य होडीएवढं नसतं.

होडी भावाभावांत असेल तर फक्त आपला हिस्सा लिहा. वडिलोपार्जित घराचंही तसंच. वाटणी झाली नसेल तर "हिस्सा, वाटणी बाकी" अशी खूण करा.

सोनं त्या दिवसाच्या भावाने लिहा, घडणावळ सोडून. तारण असेल तर सोन्याची पूर्ण किंमत डावीकडे, तारणाचं कर्ज उजवीकडे. दोन्ही दिसलं पाहिजे.

खलाशांची उचल हा आपल्या धंद्यातला खरा गोंधळ. पुढच्या सीझनला येईन म्हणून खलाशी उचल घेऊन गावी जातो. ऑगस्टमध्ये सगळे परत येतातच असं नाही. वहीत ४०,००० असतील, पण दोन जणांचा फोन लागत नसेल, तर ताळेबंदात वसूल होणारीच रक्कम लिहा. बाजारातल्या उधारीलाही हाच न्याय. हा आकडा बहुतेक घरांत बायकोकडेच असतो, कारण मासळी ती विकते, आणि कुठलं हॉटेल वेळेवर पैसे देतं, कुठलं फिरवतं, हे तिलाच माहीत. तिथे तिचा शब्द शेवटचा.

डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा मंजूर होऊन यायचा असेल तर लिहा. नुसता अर्ज दिलेला असेल तर नको. विम्याची एलआयसी पॉलिसी असेल तर आज बंद केली तर किती मिळतील ती सरेंडर व्हॅल्यू लिहा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखालचा अपघात विमा, ज्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५,००,००० मिळतात, तो मालमत्ता नाही. तो तळाशी नोंदवा, म्हणजे वेळ आली तर घरच्यांना माहीत असेल.

येणाऱ्या सीझनची मासळी, मुलाला लागणारी बोटीवरची नोकरी, न मिळालेली सबसिडी, हे कागदावर आणू नका.

तिसरी संध्याकाळ: बेरीज

नुसतं सांगून कळत नाही, म्हणून एक उदाहरण मांडून दाखवतो. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. एक होडी, दोन इंजिनं, नवरा मासेमारीला जातो, बायको बाजारात विकते.

मालमत्ता:
घर (आपला हिस्सा) – १८,००,०००
होडी – ३,५०,०००
इंजिनं – १,५०,०००
जाळी – १,२०,०००
सोनं – ५,००,०००
बँकेतली शिल्लक व ठेव – १,४०,०००
संस्थेचे शेअर्स – १०,०००
बाजारातली उधारी (वहीत ६०,०००, वसूल होणारी) – ३५,०००
खलाशांची उचल (वहीत ४०,०००, वसूल होणारी) – २५,०००
भिशीत भरलेले – ३०,०००
स्कूटर – ४०,०००
एकूण – ३२,००,०००

देणी:
होडी-इंजिनचं बँक कर्ज – ३,८०,०००
सोनं तारण कर्ज – १,५०,०००
एजंटाची उचल – १,२०,०००
किसान क्रेडिट कार्ड – ६०,०००
हातउसने – ५०,०००
दुकान, बर्फ, मेकॅनिक – ४०,०००
एकूण – ८,००,०००

शिल्लक: ३२,००,००० वजा ८,००,००० = २४,००,०००. दोघांचा हिस्सा प्रत्येकी १२,००,०००.

ऐकायला बरं वाटतं. २४ लाखांचं घर. पण आता दुसरा हिशेब करा, जो यापेक्षा महत्त्वाचा. घर विकून कोणी डिझेल भरत नाही. घर बाजूला काढा. उरली १४,००,००० ची मालमत्ता, आणि देणी तीच ८,००,०००. शिल्लक ६,००,०००, आणि त्यातही मोठा भाग होडी, जाळी आणि तारणातल्या सोन्याचा.

अजून एक पायरी. येत्या दोन-तीन महिन्यांत मागायला येणारी देणी किती? एजंट १,२०,०००, क्रेडिट कार्ड ६०,०००, हातउसने ५०,०००, दुकानं ४०,०००. बेरीज २,७०,०००. आणि हातात लगेच येऊ शकणारा पैसा किती? बँकेतले १,४०,००० आणि उधारीतले ३५,०००. बेरीज १,७५,०००. म्हणजे ९५,००० कमी. अजून बँकेचे हप्ते धरलेले नाहीत. ऑगस्टमधलं पहिलं डिझेल, बर्फ आणि खलाशांची नवी उचल हेही धरलेलं नाही.

२४ लाखांचं घर आणि नारळी पौर्णिमेला हात रिकामा. आपल्यातल्या कितीतरी घरांची गोष्ट ही आहे. मग हेच ९५,००० घाईत कुठून तरी उचलले जातात, नवरा एका ठिकाणाहून, बायको दुसऱ्या ठिकाणाहून, आणि पुढच्या वर्षी दोन कागद परत जुळत नाहीत.

जूनमध्येच हा आकडा समोर आला तर वाटा निघतात. एजंटाशी आधी बोलून उचल दोन हंगामांत फेडायचं ठरवता येतं. क्रेडिट कार्ड वेळेवर भरून नवं करून घेतलं तर व्याजात सवलत मिळते, थकवलं तर ती जाते. जास्त व्याजाचं कर्ज आधी, कमी व्याजाचं मागाहून, असा क्रम लावता येतो. जुनी जाळी, पडून असलेलं इंजिन विकता येतं. नवं इंजिन या वर्षी घ्यायचं की पुढच्या, हे दोघं मिळून ठरवू शकतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात यातलं काहीच हातात राहत नाही.

वाईट दिवसासाठी

हे लिहायला आम्हालाही आवडत नाही, पण आपला धंदा समुद्रावरचा आहे. घरातला कर्ता माणूस गेला तर बायकोचा निम्मा हिस्सा हा तिचा स्वतःचाच असतो, तो वारसा नव्हे. नवऱ्याचा जो निम्मा हिस्सा, त्याचाच वारसा होतो, आणि मुलं असतील तर तो मुलांकडे जातो. मृत्युपत्र करायचं झालं तरी, मुलं असताना आपल्या हिश्शाच्या निम्म्यापुरतंच मनासारखं देता येतं. बँकेतला नॉमिनी हा पैसे घेणारा असतो, मालक ठरतोच असं नाही.

गोव्यात वाटणीसाठी इन्व्हेंटरीची कोर्टातली पद्धत आहे. आता ती २०१२ च्या गोवा वारसाहक्क कायद्याखाली चालते, जो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. त्यात मयताची मालमत्ता आणि देणी यांची यादी द्यावी लागते, आणि ती द्यायची जबाबदारी बहुतेक वेळा मागे राहिलेल्या जोडीदारावर येते. म्हणजे जो ताळेबंद दोघांनी बसून कधी केला नाही, तोच एकटीला, सुतकातून उठून, कोर्टासाठी करावा लागतो. कुठल्या बँकेत खातं, कोणाला उचल दिली, कोणाला जामीन राहिले, काहीच माहीत नसताना. त्यात खोटं कर्ज सांगत दारात येणाराही एखादा निघतो. नवऱ्याच्या अक्षरातला, दोघांच्या सह्यांचा, तारीख घातलेला कागद घरात असेल, तर तिला निदान विचारता येतं, "हे तुमचं नाव यात कुठे आहे?"

वेंगुर्ल्याला किंवा मालवणला वाडवडिलांची जागा असेल तर तीही यादीत घ्या. गोव्याच्या माणसाचा वारसा ठरवताना गोव्याबाहेर भारतात असलेल्या मालमत्तेलाही गोव्याचाच कायदा लागतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे.

शेवटी, करायचं काय

कागद पूर्ण झाला की खाली तारीख घाला, दोघांनी सह्या करा. एक प्रत घरात, होडीच्या रजिस्ट्रेशन आणि लायसन्सच्या फाईलमध्ये. एक प्रत जाणत्या मुलाकडे किंवा मुलीकडे. बँकेला सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट लागलं, तर सीएकडे हाच कागद आणि त्यामागचे पुरावे घेऊन जा. त्याचंही काम सोपं होतं, तुमचंही.

बरोबर ठेवायचे कागद: दोघांची पॅन कार्डं, सगळ्या खात्यांची पासबुकं, कर्जाची शिल्लक पत्रं, सोनं तारणाच्या पावत्या, होडीचं रजिस्ट्रेशन, लायसन्स आणि विमा, घराचे कागद, उधारीची आणि खलाशांच्या उचलीची वही, भिशीचा हिशेब.

मांडताना अडलं तर दोघांनी मिळून कार्यालयात या. एकट्याने येऊ नका. अर्धी माहिती दुसऱ्याकडे असते. तुमचे आकडे इथून बाहेर जाणार नाहीत. कोरा तक्ता आम्ही छापून ठेवला आहे, तो न्या. बंदी उठायला दिवस आहेत तोवर हे काम हातावेगळं करा.

आपल्या संस्थेच्या वतीने,
सचिव